मफलरवरचा नांगर

मी बोलतोय तो एका करड्या मफलरवरून. पितळेचा बिल्ला आहे मी. मध्ये जहाजाचा नांगर, त्याभोवती दोराचं वेटोळं आणि खाली इंग्रजीत दोन शब्द. ‘नेवी’ ठसठशीत आहे, लांबूनही दिसतं. त्याच्या डोक्यावरचं ‘मर्चंट’ मात्र कारागिराने इतकं बारीक कोरलं की वाचायला चष्मा पुसावा लागतो. माझ्या आयुष्यात जे काही रामायण झालं, ते या कारागिरामुळे.

जन्म मुरादाबादचा. माझ्याबरोबर ओतलेले भाऊ कोणी दाराच्या कड्या झाले, कोणी देवळातल्या घंटा. मला नांगर मिळाला. समुद्र तिथून कोसो लांब, पण दिल्लीच्या आसपास असल्या गोष्टींनी कोणाचं अडत नाही.

इशिता तुळपुळेने मला पहिल्यांदा लावलं, प्रशिक्षण संपलं त्या दिवशी. व्यापारी जहाजावरची अधिकारी झाली ती. तिच्याबरोबर मी दोन सफरी केल्या. पण जहाजावर दिवसभर बॉयलर सूट आणि हेल्मेट, त्यामुळे मी बहुतेक काळ खणातच पडून. पुढच्या सुट्टीत तिने मला मफलरवर टाचलं, आणि जाताना मफलर नोएडाच्या घरी खुंटीवरच ठेवला. म्हणाली, “सिंगापूरला मफलर काय करू?”

मग मी तिच्या वडिलांच्या गळ्यात पडलो.

अविनाशराव केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले. संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे उत्तर न देता उत्तर द्यायची कला अंगात मुरलेली. इशिता काय करते असं कोणी विचारलं की म्हणायचे, “शिपिंगमध्ये आहे.” समोरचा म्हणे, “अच्छा, मंत्रालयात!” यावर अविनाशराव खोकायचे. हा खोकला सहा वर्षं टिकला. मुलगी बावीस पुरुषांबरोबर जहाजावर असते हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. खोकूनही एक स्थळ आलं नव्हतं, ते सोडा.

डिसेंबरात एका सकाळी ते सरकारी दवाखान्यात निघाले. त्यांचा मफलर धुवायला टाकलेला. त्यांच्या पत्नी नीरजाबाईंनी खुंटीवरचा काढून त्यांच्या गळ्यात गुंडाळला. “घाला हो हाच. तुमच्याकडे बघतंय कोण?”

बघितलं एका तरुणाने. मेट्रोत ज्येष्ठ नागरिकांच्या जागेवर तो डोळे मिटून बसला होता. अविनाशरावांच्या पांढऱ्या केसांनी त्याची झोप मोडली नाही. मग त्याने एक डोळा किलकिला केला, त्याला मी दिसलो, आणि तो ताडकन उभा राहिला.

“सर, प्लीज! नेवी?”

अविनाशरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात रिकामी जागा दिसली. ते खोकले आणि बसले.

दवाखान्यात शिपायाने रांग बाजूला सारली. “कप्तान साहब को आगे आने दो!” ज्या डॉक्टरीणबाई वर्षानुवर्षं मान खाली घालून औषधं लिहीत, त्यांनी वर पाहिलं आणि चक्क “बैठिए” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःचा मफलर वाळून घडी होऊन आला, तरी अविनाशरावांनी माझाच उचलला.

महिन्याभरात सोसायटीच्या बागेत त्यांची ‘कॅप्टनसाहेब’ अशी ख्याती झाली. अध्यक्षांनी एकदा भारावून विचारलं, “कभी तूफान देखा, सर?” अविनाशराव आयुष्यात एकदाच लाँचने घारापुरीला गेले होते, आणि जाता-येता दोन्ही वेळा त्यांना ओकारी झाली होती. त्यांनी समोरच्या पाण्याच्या टाकीपलीकडे नजर लावली आणि म्हणाले, “समंदर के बारे में मैं क्या बताऊँ!” हे अक्षरशः खरं होतं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस जानेवारीला झेंडा कॅप्टनसाहेबांच्या हस्ते, असं तिथल्या तिथे ठरलं.

खोटं ते एकदाही बोलले नाहीत, हे मी गळ्याशपथ सांगतो. मी गळ्यातच होतो.

मग जानेवारीत, दवाखान्यातून परतताना, मेट्रोत ते नीरजाबाईंशी फोनवर बोलत होते. “अगं घेतली मेथी. नाही, निवडलेली नाही.” समोरच्या बाई ते ऐकून पुढे आल्या. वाकून त्यांनी मला नीट वाचलं. वरचा बारीक शब्दसुद्धा.

“काका, तुम्ही मराठी? आणि मर्चंट नेवीत? देवच भेटला हो!”

या अरुणा पाठारे. राहायला फरीदाबादला, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिक्षिका. बरोबर मुलगी सुखदा, बारावीतली.

“हिला जहाजावर जायचंय. घरात रोज वाद. हिचे बाबा म्हणतात, बिल्कुल नाही. मी हो म्हणू कशी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. या आठवड्यात ठरवायचंय. तुम्ही सगळा जन्म समुद्रावर काढलात. तुम्ही पाठवा म्हणालात तर मी भांडेन हिच्या बाबांशी. नको म्हणालात तर विषय बंद.”

मुलगी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

मंडी हाउस स्टेशन आलं. फरीदाबादची गाडी धरायला मायलेकी उतरल्या. अविनाशरावांना पुढे नोएडाला जायचं होतं, तरी तेही उतरले. फलाटावर त्यांनी नेहमीचा खोकला काढला.

“आजोबा, पाणी देऊ?” सुखदाने बाटली पुढे केली.

ते दोन घोट प्यायले. खोकायला आता काही निमित्त उरलं नाही.

“हा बिल्ला माझा नाही,” ते म्हणाले. “माझ्या मुलीचा आहे. ती जहाजावर सेकंड ऑफिसर आहे.”

बाहेरच्या माणसापाशी हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं. मला वाटलं, आता बाई संतापतील. त्यांचा चेहरा उलट उजळला.

“मुलगी! मग तर तुम्हीच सांगू शकाल! एकट्या मुलीला त्रास देतात का हो? जेवणाचं कसं? ती घाबरते का?”

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं. नोकरीत हजार वेळा लिहिलेलं. ते त्यांनी गिळलं.

“मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.”

“कधीच नाही?” सुखदा म्हणाली.

“सुखदा!”

“बोलू द्या तिला,” अविनाशराव म्हणाले. “तुमचा नंबर द्या. विचारून सांगतो.”

घरी येऊन त्यांनी मफलरसुद्धा न काढता फोन लावला. जहाज सिंगापूरबाहेर उभं होतं, त्यामुळे लागला.

“हां बाबा, बोला. बँकेचं काही आहे का?”

“नाही. तू जेवतेस काय तिकडे?”

“काय?”

“आणि भीती वाटते का कधी?”

मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “बाबा, आईला फोन द्या. दवाखान्यात काय सांगितलं तुम्हाला?”

बाबांची तब्येत ठणठणीत आहे, असं नीरजाबाईंनी फोनवर येऊन सांगितलं. मग इशिता बोलत सुटली. पहिल्या जहाजावर एक वरिष्ठ तिला कामच देत नसे, चहा करायला सांगे. तिने तक्रार केली, तेव्हा त्याची बदली झाली, आणि निम्मी मंडळी महिनाभर तिच्याशी बोलली नाहीत. आचारी गोव्याचा, आमटी बरी करतो. रात्री बाराच्या पाळीला झोप येऊ नये म्हणून ती पाढे म्हणते, तेही मराठीत, आणि एकोणतीसला अडकते.

“समुद्राची भीती वाटते, पण थोडी,” ती म्हणाली. “जास्त वाटते ती घरी यायची.”

“घरी?”

“तुम्ही मला मंत्रालयात नोकरीला लावलंय ना. काकू लोक विचारतात, कितव्या मजल्यावर बसतेस.”

अविनाशरावांना खोकला आला नाही. “चुकलं गं,” एवढंच ते म्हणाले.

त्यांनी अरुणाबाईंना सगळं कळवलं, चहाचं आणि अबोल्याचंसुद्धा. पाठवा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. अरुणाबाईंनी ते सारं घरी मोठ्याने सांगितलं. सुखदा म्हणाली, एवढंच ना? अरुणाबाई तिच्या बाबांशी भांडल्या, आणि ऑगस्टात ती प्रशिक्षणाला गेली.

सोसायटीत खरं सांगितल्यावर अध्यक्ष म्हणाले, “अच्छा, बेटी! कोई बात नहीं.” झेंडा तिसऱ्या मजल्यावरच्या कर्नलसाहेबांकडे गेला. दवाखान्यात आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाशी उभे राहतो आणि डॉक्टरीणबाई मान वर करत नाहीत.

माझी टाचणी आता थोडी वाकली आहे. उन्हाळाभर मी सदऱ्याच्या खिशावर होतो, थंडी पडल्यावर परत मफलरवर आलो. मेट्रोत अजून कोणीतरी उठतं, “नेवी, सर?” अविनाशराव उभ्याउभ्याच सांगतात, “मर्चंट. बेटी का है.” आणि तिथून जे सुरू होतात, ते पाळी, आमटी, सिंगापूर करत थेट राजीव चौकापर्यंत. ऐकणारे सभ्यपणे पुढच्या डब्यात सरकतात.

तुम्हाला कधी भेटले तर एवढंच करा, जागा नाही दिलीत तरी चालेल. दोन स्टेशनं ऐकून घ्या. सहा वर्षांचं बोलायचं राहिलंय त्यांचं.