तेल काढायचा व्हॉल्व

उन्नती पहिल्यांदा आमच्या प्लॅन्टमध्ये आली तेव्हाच मी तिला सांगितलं की इथे लिहिण्यासारखं काही नाही, सगळं माझ्या डोक्यात आहे. ती म्हणाली, "तेच लिहायचंय, काका. डोकं रोज पाच वाजता घरी जातं."

पोरगी शेजारच्या कोन गावची. कोनच्या माणसांची जीभ लांब असते असं आम्ही खारबावकर लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पण राग आला तो आलाच. सव्वीस वर्षं मी, केसरीनाथ, या कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर आहे. इथला मटार आणि मासळी गोठलेली राहते ती माझ्या जिवावर, असं मला खरोखर वाटतं. थंडी करतो अमोनिया, आम्ही त्याला नुसतं गॅस म्हणतो. पाइपातून फिरतोय तोवर गरीब गाय. बाहेर पडला की डोळे आणि छाती दोन्ही जाळतो.

प्लॅन्टचा जुना नकाशा होता, पण त्यातल्या अर्ध्या लाइनी आम्ही कधीच्या बदलल्या होत्या. सुरक्षेची तपासणी यायची होती, म्हणून आमच्या भावेश शेठने उन्नतीला तीन महिन्यांसाठी नेमलं. प्रत्येक व्हॉल्वला नंबराचा पत्रा, नवा नकाशा, प्रत्येक काम कसं करायचं त्याचं एकेक पान, आणि शेवटी आजवरच्या अपघातांची नोंद. एवढ्याची एक फाइल करायची.

पहिले पंधरा दिवस मी कुरकुर करत तिच्यामागे फिरलो. खरं सांगायचं तर मजा आली. छताखालची एक लाइन कुठे जाते ते ती दोन दिवस शिडीवर चढून शोधत होती. मी खाली खुर्चीत बसून चहा पीत होतो. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं की ती लाइन कुठेच जात नाही, दहा वर्षांपूर्वी कापून बंद केलीय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली आणि वहीत लिहून घेतलं.

सोळाव्या पानावर गाडी अडली. पानाचं नाव होतं, तेल काढणे.

कंप्रेसरमधलं तेल थोडं थोडं गॅसबरोबर पुढे जातं आणि रिसीव्हर नावाच्या मोठ्या टाकीच्या तळाशी साचतं. ते दर आठवड्याला काढावं लागतं. तिथल्या व्हॉल्वला स्प्रिंग आहे. दांडी हाताने दाबून धरली तोवर उघडा, हात सोडला की आपोआप बंद. माणूस चक्कर येऊन पडला तरी गॅस थांबावा म्हणून बनवणाऱ्याने ती तशी केलीय.

"दाखवा ना काका, कसं काढता," उन्नती म्हणाली.

मी टाकीच्या मागे भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसलो आणि दांडी धरली. तेलाची बारीक धार कॅनमध्ये पडू लागली. चार मिनिटांत बोटं बधिर झाली. हात सोडला आणि म्हणालो, "झालं."

तिने कॅनमध्ये डोकावून पाहिलं. "रजिस्टरमध्ये दर वेळी पाच लिटर लिहिलंय. या धारेने पाच लिटरला पाऊण तास लागेल. पाऊण तास तुम्ही असे बसता?"

"बसतो."

"मग दांडीवरचा रंग इथेच असा पट्ट्यासारखा का गेलाय?"

मला कंप्रेसर बघायचा होता, म्हणून मी उठून गेलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

खरी गोष्ट अशी की आम्ही दांडी बांधतो. भिवंडीत कुठल्याही कारखान्यात हात पुसायला लूमवरच्या कापडाच्या काठाच्या पट्ट्या असतात. धामणकर नाक्यावरून त्यांचं पोतं येतं. त्यातली एक लांब पट्टी घ्यायची, दांडी दाबून पाइपाला बांधायची आणि चहाला जायचं. तेल संपत आलं की आवाज बदलतो, तेव्हा धावत येऊन सोडायची. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही. मीच सगळ्यांना शिकवली.

दोन दिवसांनी उन्नती अपघातांची जुनी फाइल घेऊन आली. तिच्यात एकच नोंद होती. एकोणीस वर्षांपूर्वीची, एका ओळीची. ऑपरेटर महादू यांच्या हलगर्जीपणामुळे गॅसगळती, डोळ्यांना इजा.

"हलगर्जीपणा म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?" तिने विचारलं.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. आणि फाइल मिटून तिच्या हातात दिली.

महादू आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. एकाच आळीतले, खाडीवर एकत्र मासे धरलेले. त्या दिवशी ड्युटीवर दोघंच होतो. मे महिन्यातली दुपार. मी दांडी बांधली आणि गेटवर चहाला गेलो. तिथे क्रिकेटच्या गप्पा निघाल्या आणि मला उशीर झाला. इकडे तेल संपलं आणि गॅस सुटला. महादू दारापाशीच होता, बाहेर पळू शकला असता. तो आत गेला. मी पोचलो तेव्हा तो रांगत बाहेर येत होता, दोन्ही हात डोळ्यांवर. गेटवरच्या लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी ओतलं. मी मास्क चढवून आत गेलो, चाकूने पट्टी कापली आणि खिशात घातली.

पट्टी कुणी पाहिली नाही. महादूचा एक डोळा गेला, दुसऱ्याने त्याला फक्त उजेड कळतो. चौकशीला आलेल्या साहेबाने हलगर्जीपणा असं लिहिलं. गावाने त्यात आपली भर घातली. आधी म्हणाले, झोपला होता. मग म्हणाले, पिऊन झोपला होता. ताडीलाही न शिवणारा माणूस. मी त्यातलं काही बोललो नाही, आणि काही खोडलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला माहीत होतं आणि रोज त्याची लाज वाटत होती.

तरीही मी गप्प राहिलो असतो. पण पुढच्या गुरुवारी, तेल काढायच्या दिवशी, मी टाकीमागे गेलो तर दांडी बांधलेली आणि जवळ कुणी नाही. दुसऱ्या शिफ्टचा सावळाराम बाहेर फोनवर बोलत उभा होता. हा सावळाराम माझ्या हाताखाली शिकला. आत उन्नती सोळावं पान टाइप करत होती, मी दाखवलं तसं. त्या पानाखाली मी सही करणार होतो आणि सावळारामही करणार होता. आणि पान खोटं होतं.

मी पट्टी सोडली, तशीच हातात घेऊन उन्नतीच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वीचंही.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तुम्ही पट्टी का कापली? सोडली का नाही?"

"मासे धरायच्या जाळ्याची गाठ होती. ओढलं की घट्ट होते. ती सोडवायला वेळ लागला असता."

"म्हणजे महादूकाकांनाही ती सुटली नाही."

मी खाली बसलो. एवढ्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं की महादू आत गेला आणि गॅसने त्याला गाठलं. तो तिथे माझी गाठ सोडवत बसला होता, हे मी कधी मनात येऊच दिलं नव्हतं. मी उन्नतीसमोर रडलो. ती पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी हे लिहिणार. पण नाव त्यांचं आहे, आधी त्यांना विचारू."

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी माझ्याच आळीत गेलो. महादू ओट्यावर बसला होता. त्याची बायको, पार्वतीवहिनी, सुकी मासळी निवडत होती. उन्नतीने पान वाचून दाखवलं. दांडी केसरीनाथ यांनी बांधली होती, महादू ती सोडवायला गेले.

मग महादू म्हणाला, "मना ठावं व्हतं."

"कसं?" मी विचारलं.

"डोले मिटलेले व्हते, पन बोटं व्हती ना. जाल्याची गाठ. आपल्या दोघांत जाली विनायचास तूच."

वहिनीच्या हातातली मासळी तशीच राहिली. ती माझ्याकडे वळलीच नाही, नवऱ्याकडे वळली. "एकोनीस वर्सं मी तुमाला बोलतंय. झोपला नसता तं आज डोले असते, असं उठता बसता बोलतंय. आन् तुमी ऐकून घेतलंत?"

"याची लेक सुकन्या तवा पालन्यात व्हती," महादू म्हणाला. "माजी नोकरी गेलीच व्हती. याची घालवून माजे डोले येनार व्हते का? यो कवातरी सांगंल असं वाटायचं. म्हनून गप ऱ्हायलो."

मी त्याचे पाय धरले. त्याने ते मागे घेतले नाहीत, आणि मला उठ म्हणालाही नाही.

वहिनीने हातातली मासळी टोपलीत टाकली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "केसरीदादा, झोपला व्हता असं कागद न्हाय बोलत, गाव बोलतं. तुमचा कागद ऑफिसात ऱ्हानार. रविवारी आमच्या मेघालीची हलद हाय. सगली भावकी येनार, माईक असनार. तितं सांगा."

मेघाली म्हणजे महादूची पुतणी. आमच्याकडच्या हळदीला सातआठशे माणूस सहज येतं. माझी पाचावर धारण बसली. "येतो," मी म्हणालो.

महादू तोवर उन्नतीकडे वळला होता. "पोरी, त्या पानावर पुढं काय लिवलंस? दांडी बांधू नये?"

"हो."

"लिवशील तरी बांधतील. पाऊन तास कोन बसंल तितं? तेल टाकीमागं काढूच नका. खाली डबा बसवा. तेल डब्यात उतरलं की वरचा व्हॉल्व बंद. मंग डब्यातला गॅस कमी करून डबा रिकामा करा."

उन्नती माझ्याकडे बघत राहिली. असा डबा असतो, त्याला ऑइल पॉट म्हणतात. तो तिने आधीच शेठला सुचवला होता. पण त्यासाठी प्लॅन्ट दोन दिवस बंद ठेवावा लागणार होता आणि शेठ म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू. तिने ते महादूलाही सांगितलं.

"आन् तो डबा दाराजवल बसवा," महादू म्हणाला. "मानसाचं तोंड दाराकडं पायजे. टाकीमागं पलायला वाटच न्हाय. मी बघून आलोय."

हे तिच्या नकाशात नव्हतं. तिने तिथेच ओट्यावर वही उघडली आणि पेन्सिलने डब्याची जागा बदलली. एकोणीस वर्षं हा माणूस अंधारात बसून मनातल्या मनात तो व्हॉल्व हलवत होता. मला त्याचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकाच वेळी.

रविवारी संध्याकाळी मांडवात गाणी चालू होती. पुढच्या रांगेत मानाची माणसं, मधोमध भावेश शेठ. तोही भावकीतलाच. बायका हळद लावून परतल्या, गाणारा पाणी प्यायला थांबला आणि मी त्याच्याकडून माईक घेतला. मी सांगितलं की एकोणीस वर्षांपूर्वी दांडी मी बांधली होती, आणि जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मागून पार्वतीवहिनीचा आवाज आला, "मागं ऐकू आलं न्हाय. परत सांगा."

मी परत सांगितलं, जरा मोठ्याने.

"आता त्यांचं नाव घेऊन सांगा."

मला कळलं तिला काय हवंय ते. मी माईक तोंडाजवळ धरला. "महादू झोपला नव्हता," मी म्हणालो. "तो प्यायलेला नव्हता. मी बांधलेली गाठ सोडवायला तो गॅसमध्ये गेला. पळून जायला वाट होती, तरी गेला."

मागच्या बाजूला खुर्च्या सरकल्या. वहिनी महादूचा हात धरून माणसांमधून पुढे येत होती. इतकी वर्षं तो अशा कार्यात मांडवाच्या शेवटच्या खांबाशी बसायचा. लोकांनी वाट करून दिली. भावेश शेठ उठला, स्वतःची खुर्ची रिकामी केली आणि म्हणाला, "बसा काका."

महादू बसला. हाताने चाचपून त्याने शेठची बाही धरली. "भावेश," तो म्हणाला, "दोन दिस प्लॅन्ट बंद ठेव."

मी माईक बंद केला नव्हता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. सगळी भावकी शेठकडे बघत होती.

"ठेवतो, काका," शेठ म्हणाला.

आणि त्या महिन्याच्या शेवटी, शनिवार आणि रविवार, प्लॅन्ट बंद होता.