शनिवारच्या गटाचा कीबोर्ड

मित्रांनो, २०२३ साल होतं. मी एक जुना कीबोर्ड आहे. तेव्हाही जुनाच होतो, पण हातांना हवा होतो. नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात माती, पाऊस, पिकं यांचा अभ्यास करणारी मंडळी दर शनिवारी जमायची. संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ती एकमेकांकडूनच शिकायची. गट चालवायची निकिता. तिचा नियम एकच: ज्याचा प्रोग्रॅम, त्यानं मला हात लावायचा नाही. त्यानं बोलायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं आणि ओळीओळीला प्रश्न विचारायचे. माणसं रडकुंडीला यायची, पण चुका सापडायच्या. माझ्यावर चहा सांडला तर निकिता स्वतःच्या ओढणीनं मला पुसायची.

नेवाशाचा जोएल जामखेडच्या पावसावर प्रबंध लिहीत होता. मुदत संपत आली, तसा तो वाळत चालला. सगळ्यांना त्याची दया आली. पिकांवर काम करणारा कानिफनाथ म्हणाला, याला घाई आहे, याचं यालाच करू द्या. निकितानंही मान डोलावली. मग जोएल एकटाच मला बडवत राहिला. विचारणारं कुणी नव्हतं.

शेवटच्या शनिवारी आलेख छापायला निकिता माझ्यापुढे बसली आणि तिचे हात थांबले. पर्जन्यमापक बंद पडला होता, त्या दिवसांचे रकाने कोरे होते. प्रोग्रॅमनं तिथे पाऊस शून्य धरला होता. पाऊस घटत चालल्याचा जोएलचा सारा निष्कर्ष त्यावरच उभा होता.

"म्हंजे दुष्काळ तूच पाडलास की, लेका," कानिफनाथ म्हणाला. कुणी हसलं नाही.

"ताई, सोमवारी द्यायचं हाय," जोएल म्हणाला. "तुमी बघितलंच न्हाई असं समजा. माझ्याकडं आता दुसरं काही न्हाई."

"बघितलं रे मी," निकिता म्हणाली. "आधी बघायला हवं होतं."

सोमवारी प्रबंध गेला नाही. मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही.

जोएल नेवाशाला शिकवणी घेतो. पावसाचा विषय निघाला की उठून जातो म्हणे. कानिफनाथ साखर कारखान्याच्या ऑफिसात लागला. निकिता कितीतरी शनिवार खोली उघडून एकटी बसली. आपली चूक चारचौघांत दाखवायला कुणी धजेना. शेवटी तीही पुण्याला गेली. मी कपाटामागे धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, मला मोडीत काढलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्यातलं कुणी घाबरून घाई करत असेल, तर दया म्हणून त्याला एकटं सोडू नका. शेजारी बसा. त्याला राग आला तरी उठू नका.