रोहितचा हात

रोहित ढोरे परतवाड्याचा. वडील किसनराव मोठे बागायतदार. अकोला आणि अमरावतीच्या मधे एका खाजगी धावपट्टीवर तो विमान चालवायला शिकायला आला, तेव्हा त्याला प्रशिक्षक नीलम तायडेच्या हाताखाली दिलं. नीलम अकोल्याच्या एसटी आगारातल्या मेकॅनिकची मुलगी. तिच्याकडून आजवर चौदा जण नीट शिकून गेले होते.

रोहितचं सगळं बरं होतं, स्टॉल सोडून.

"स्टॉल म्हनजे इंजिन बंद पडनं नाय," नीलम त्याला सांगायची. "विमानाचं नाक फार वर गेलं की पंखाचा वाऱ्याशी कोन वाढते. मंग वारा पंखाले धरून राहत नाय, विमान पडते. धोक्याचा भोंगा वाजला की नाक खाली टाक, पूर्ण ताकद दे, पंख सरळ ठेव. ओढू नको."

चार हजार फुटांवर ती वेग कमी करायची. भोंगा किंचाळायचा, विमान थरथरायचं, आणि रोहित नाक वर घ्यायला दोन्ही हातांनी कंट्रोलचा दांडा छातीशी ओढायचा. प्रत्येक वेळी नीलमच नाक खाली दाबायची.

"काहून ओढून राहिला तू?"

"जमीन दिसते ना म्याडम. तिकडंच नाक कसं करू?"

सहा उड्डाणं झाली, तरी तेच. नीलमने त्याच्या फाइलीत लिहिलं : एकट्याने उड्डाणास तयार नाही.

मुख्य प्रशिक्षक कॅप्टन राजूरकरांनी तिला बोलावलं. "किसनराव रोज फोन करतात. बाकीची मुलं पुढे गेली म्हणतात."

"सर, तो घाबरला की ओढतो. वर असताना मी आहे. उतरताना उंचीच नसते सावरायला."

"मी बघतो," राजूरकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोहितला घेऊन धावपट्टीभोवती तीन फेऱ्या मारल्या. स्टॉलचा सराव घेतलाच नाही. खाली उतरून म्हणाले, "जा, एक फेरी एकटा मारून ये."

नीलम हँगरच्या दारात उभी होती. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर विमान तिला फार सावकाश वाटलं. नाक वर होतं. "खाली टाक, रोहित," ती स्वतःशीच म्हणाली. नाक आणखी वर गेलं. डावा पंख एकदम कलला आणि विमान कपाशीत कोसळलं.

रोहित वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं.

चौकशी झाली तेव्हा नीलमने लिहिलेलं पान फाइलीत नव्हतं. अहवालात आलं : स्टॉलचं प्रशिक्षण अपुरं, जबाबदार नीलम तायडे. सोबत रोहितचा जबाब होता. तयार असल्याचं मॅडमनीच सांगितलं, असं त्याने म्हटलं होतं.

ती परतवाड्याला गेली. रोहित खिडकीपाशी पलंगावर होता. तिला बघून त्याने तोंड फिरवलं.

"मी असं कधी म्हटलं रे?"

"तुमी नाय म्हटलं. राजूरकर सर आले होते. बरा झाला की परत घेतो म्हनाले. फक्त एवढं लिहून दे म्हनाले."

नीलम त्याच्या पायांवरच्या चादरीकडे बघत राहिली. या पायांनी तो विमानातलं रडरचं पेडल दाबणार होता? तिला विचारवलं नाही.

"आता खरं लिहून दे."

"बाबा नाय म्हनतात. तुमी सांगितलेलं सगळं आठवलं होतं, म्याडम. हातानं ऐकलं नाय."

किसनराव दारात येऊन उभे राहिले. "झालं काय बोलून?" त्यांनी विचारलं. चहाचं कोणी नावही काढलं नाही.

नीलमचा शिकवण्याचा परवाना वर्षभरासाठी थांबवला. ती अकोल्यात बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवू लागली. दिवाळीनंतर तिच्या जुन्या विद्यार्थिनीने, अपेक्षाने, फोन केला. राजूरकरांकडे नवी बॅच भरली होती. स्टॉलच्या धड्यासाठी नीलमच्याच हातच्या नोट्सच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. वर तिचं नाव होतं तिथे पांढरी पट्टी चिकटवून राजूरकरांनी स्वतःचं नाव घातलं होतं.

"म्याडम, तुमी काही बोलनार नाय काय?"

"नोट्स बरोबर आहेत," नीलम म्हणाली. "वाचा म्हनावं नीट."