चुलीपाशी उजेड कमी होता

"भाऊजी, बाईसारखी दिसून राहिली का मी?" सुशीलाने विचारलं.

ती स्टुडिओतल्या स्टुलावर बसली होती. अंगावर माझ्या बायकोचं, पंचफुलेचं, हिरवं लुगडं होतं. सुशीला तिची धाकटी बहीण. थोरलीला ती बाई म्हणायची. पंचफुला जाऊन आठ दिवस झाले होते. रविवारी रामाकोन्याच्या विहारात तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि समोर ठेवायला तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून बहिणीचा काढायचा, ओठाजवळचा तीळ ब्रशने मिटवायचा, केसांत थोडा पांढरेपणा आणायचा, असं ठरलं होतं. सौंसरच्या या स्टुडिओत अशी कामं आम्ही कितीतरी केली होती. लोक तो फोटो नेत, हार घालत, आणि वर्षभरात त्यांना तोच चेहरा खरा वाटायला लागे.

मी वीस वर्षं अंधारखोलीत काम केलं. फोटो काढायचे मालक, रघुनाथराव. मी फिल्म धुवायचो आणि कागदावर उतरवायचो. तालुक्यातले किती चेहरे माझ्या हातून पाण्यातून निघाले, सांगता येणार नाही. बायकोचा तेवढा राहिला. आज नेऊ, उद्या नेऊ म्हणत राहिलो. दुसरं कारण नाही.

सुशीलाने मान वळवली. मला एकदम वाटलं, हा फोटो झाला की पंचफुला खरंच पुसली जाईल.

"थांबा मालक," मी म्हणालो. "त्या लहान कॅमेऱ्यातला रोल अजून धुतला नाही."

तो कॅमेरा पांढुर्ण्याच्या भाऊरावांचा. ते संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या कोणा नातेवाइकाने बाहेरदेशातून आणलेला, आणि त्यांना तो विकायचा होता. रघुनाथरावांचं वय झालं होतं. मोठा पेटी-कॅमेरा आणि त्याची तिपाई घेऊन एसटीने मोहगावला जायचं म्हणजे त्यांचा खांदा भरून यायचा. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, दहा दिवस ठेव, उन्हात काढ, घरात काढ, अंधारात काढ, चांगला वाटला तर घेऊ. फ्लॅश मात्र लावायचा नाही, कारण फ्लॅशने तोंड पिठात बुडवल्यासारखं येतं.

कॅमेरा सदऱ्याच्या खिशात मावायचा. अंतर मोजायचं नाही, काही फिरवायचं नाही, नुसतं दाबायचं. उजेड कमी असला की बघायच्या खिडकीत एक लाल दिवा लागायचा. लागला की समजायचं, फोटो येणार नाही.

आधी मी पांढुर्ण्याला गेलो. भाऊरावांच्या म्हाताऱ्या आईला संत्र्याच्या बागेत उभं केलं. ती श्वास रोखून उभी राहिली. मी दोन फोटो काढून खिशात हात घातला तरी ती तशीच. काढला म्हटलं तर म्हणाली, आवाज तर आलाच नाही, तू मला फसवून राहिला. तिची खात्री पटेपर्यंत आणखी चार काढावे लागले.

मग कॅमेरा घरी नेला. पंचफुलेने हात पदराला पुसले, कॅमेरा घेतला, डोळ्याला लावून चारी बाजूंना पाहिलं. मग म्हणाली, "उन्हात त कोणालेबी दिसते. आपल्या चुलीपाशी दिसते का याले?"

आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. छपरात एका कवेलूच्या जागी काच बसवली होती, तेवढाच उजेड. भर दुपारी तिथं हाताने चाचपून डबा काढावा लागायचा. हातात धरला तर हलेल म्हणून मी कॅमेरा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला आणि त्याच्या उजव्या हाताला दाराशी उभा राहिलो. ठेवण्याआधी डोळ्याला लावून पाहिलं होतं, तर लाल दिवा. मी तिला म्हणालो, जरा दारात सरक.

"दारात भाकर थापू का मंग?" ती म्हणाली. "तो नाही म्हणून राहिला त म्हणू दे. तुमी दाबा."

मी दाबलं. बारीक टक् झालं. माझं मनात एक म्हणून झालं तेव्हा दुसरं टक् झालं. एवढा वेळ त्याचा डोळा उघडा होता. मी तिला तसं सांगितलं.

"पाहून राहिला असन बिचारा," ती म्हणाली. "अंधारात आपल्यालेबी टाइम लागते."

त्यानंतर पाचव्या दिवशी तिला ताप चढला. मे महिना होता, ऊन लागलं असेल असं सगळे म्हणाले. तीन दिवसांत गेली. कॅमेरा स्टुडिओच्या खणात पडून राहिला.

आता स्टुडिओत मी रघुनाथरावांना अडचण सांगितली. कमी उजेडातला फोटो हवा असेल तर फिल्म औषधात जास्त वेळ ठेवावी लागते. मग उन्हातले फोटो फिल्मवर काळे पडून वाया जातात. रोल एकच. मधे कापावा तर अंधारात कुठे कापायचं ते कळत नाही, आणि कात्री नेमकी पंचफुलेवरच चालली तर? भाऊरावांच्या आईचा फोटो देतो म्हणून मी शब्द दिला होता.

रघुनाथरावांनी मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं. मग म्हणाले, "भाऊरावची माय अजून हाये, मोतीराम. तिचा फोटो उद्याबी काढता येते. तू तुह्या मनानं धू."

आणि स्वतः घरी जाऊन पाण्याचा माठ उचलून घेऊन आले. मे महिन्यात नळाचं पाणी इतकं तापतं की फिल्मवरचा लेप सुटतो. माठातलं पाणी परातीत ओतून तिच्यात मी फिल्म आणि औषध भरलेला डबा ठेवला आणि घड्याळ लावलं. नेहमीचा वेळ झाला. सुशीला दाराबाहेर उभी होती. मी आणखी तेवढाच वेळ थांबलो. त्यापुढे धीर झाला नाही.

फिल्म काढून उजेडात धरली. भाऊरावांची आई कोळशासारखी झाली होती. पुढे एका चौकटीत काहीतरी पुसट होतं, काचेवर वाफ धरावी तेवढं.

फिल्म वाळल्यावर ती चौकट कागदावर उतरवायला घेतली. औषधाच्या ट्रेमध्ये कागद सोडला. आधी चुलीतला जाळ आला. मग कपाळ, गाल, मग डोळे. हात आलेच नाहीत. ती भाकर थापत होती, हलत होती, म्हणून तिथे नुसता पांढरा धूर होता. चेहरा मात्र स्थिर होता. तिच्या मागे फळीवरचे डबे ओळीने दिसत होते, भिंतीवरचे सारवल्याचे हात दिसत होते. मी त्या दुपारी तिथेच उभा होतो आणि यातलं काही मला दिसलं नव्हतं. ती हसत होती. तेही मला दिसलं नव्हतं.

रघुनाथरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "चाळीस वर्षं मी लोकायले उन्हात उभं करत आलो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कसा हाये मंग कॅमेरा?"

"उन्हात बरा हाये मालक. रोजच्या कामाले चालते. अंधारात हलू द्यायचा नाही. अन् लाल दिव्याचं ऐकायचं नाही."

सुशीला आत येऊन ट्रेवर वाकली होती. ती म्हणाली, "भाऊजी, बाई कॅमेऱ्याकडं नाही पाहून राहिली."

खरं होतं. ती थोडी बाजूला पाहत होती. उजव्या हाताला, दाराकडे.

रविवारी विहारात पांढरे कपडे घातलेले लोक ओळीने बसले. पंचफुलेचा फोटो टेबलावर ठेवला होता, पुढे मेणबत्ती होती. लोक जवळ जाऊन वाकत, पाहत आणि मागे सरकत. एक म्हातारी म्हणाली, आत्ता भाकर वाढन असं वाटते. माझ्यासाठी पहिल्या ओळीत, फोटोच्या अगदी समोर जागा राखली होती. मी तिथे बसलो नाही. उजव्या हाताला दाराशी जिथे चपला काढल्या होत्या, तिथे भिंतीला टेकून बसलो.

कोणीतरी म्हणालं, इकडं या ना, तिथं काहून बसले?

मी म्हटलं, इथं बरं हाये.