मधला आवाज

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलेल्या बाईला घरचेच लोक बहिरी ठरवू लागले, तर तिला संशय येणारच.

सगळं सुरू झालं त्या काळ्या डब्यापासून. मुलानं सिनेमे बघायचा नवा डबा आणला आणि वडिलांच्या मागे राहिलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला, दोन लाकडी स्पीकरांना जोडला. पहिल्याच सिनेमात गाड्या धडधडल्या, काचा फुटल्या, वादळ पार सोफ्याखाली शिरलं. माणसं मात्र नुसतेच ओठ हलवत होती.

"काय म्हणाली ती?" ऑपरेटरबाईंनी विचारलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ओळखीचे लोक त्यांना याच नावानं हाक मारत.

"अगं आई, स्पष्ट तर बोलतेय," मुलगा म्हणाला. त्याची नजर पडद्याच्या तळाशी होती. तिथे संवादांच्या ओळी भराभर बदलत होत्या. चष्मा लावूनही बाईंची एक ओळ पुरी व्हायच्या आत दुसरी यायची.

आठवड्याभरात मुलानं विषय काढलाच. "आई, एकदा कान दाखवून घेऊ या का?"

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी सून स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलत होती. "हो, सासूबाईंच्याच नावानं लिहा. नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही." मध्ये एक भिंत होती, नळ वाहत होता, तरी शब्दन् शब्द बाईंच्या कानात पडला. पाणी मुरतंय ते इथे तर! आज बहिरी, उद्या विसराळू, परवा कुठल्यातरी कागदावर सही. त्या रिमोट उशीखाली ठेवू लागल्या. सुनेनं तो मागितला, की "तुला कशाला हवा?" असं विचारू लागल्या.

पण एक गोष्ट त्यांना पटत नव्हती. बातम्या त्यांना लख्ख ऐकू येत. बातम्यांना कान शाबूत आणि सिनेमाला बहिरी, हा कुठला रोग? एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी सिनेमा लावला, डाव्या स्पीकरला कान लावला, मग उजव्याला. पावलं होती, दाराची करकर होती, व्हायोलिन होतं. बोलणं दोन्हीकडे नव्हतं. एक्स्चेंजमध्ये असं झालं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, लाइन जोडलेलीच नाही.

त्यांनी मुलाला न विचारता एक्स्चेंजमधल्या जुन्या लाइनमनला फोन केला. तो आता घरोघरी जाऊन ध्वनियंत्रं दुरुस्त करायचा. त्याला त्यांनी रविवारी दुपारीच बोलावलं. चोर पकडायचा तर सगळे घरात हवेत.

लाइनमन टॉर्च घेऊन डब्यामागे वाकला आणि हसला. "ऑपरेटरबाई, मागे सहा भोकं आहेत. वायरी दोनच."

"म्हणजे?"

"सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येतो. समोरून डावा, उजवा आणि मधला, मागून दोन, शिवाय एक नुसता घुमणारा. माणसांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्यात असतं. तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, पण या डब्याला कुणीतरी सांगून ठेवलंय की सहाही आहेत. तो बिचारा इमानानं बोलणं मधल्या वाटेनं पाठवतोय. बातम्या दोनच वाटांनी येतात, म्हणून त्या नीट ऐकू येतात."

"कुणी सांगितलं त्याला?" बाईंनी सुनेकडे पाहिलं.

"मीच," मुलगा म्हणाला. "सेटिंगच्या यादीत सहा दिसले. म्हटलं, जास्त ते चांगलं."

लाइनमननं यादीत जाऊन सहाचे दोन केले. "आता मधला आवाज दोन्हीकडे सारखा वाटला जाईल. मागचेही थोडे मिसळतील. सगळं दोघांत कोंबलं की आवाज फाटतो, म्हणून एकूण पट्टी जरा खाली घेतो." संवादांच्या ओळींचा अडथळा नको म्हणून त्यानं त्याही बंद केल्या आणि सिनेमा सुरू केला.

"दार उघड. तू आत आहेस हे मला माहीत आहे," पडद्यावरची बाई म्हणाली. दोन स्पीकरांच्या बरोबर मधून, जिथे काहीच नव्हतं तिथून, तिचा आवाज आला. श्वाससुद्धा ऐकू आला.

"ऐकलंत?" ऑपरेटरबाई उसळल्या. "आता सांगा, कोण बहिरं?"

"आवाज वाढवा की जरा," मुलगा म्हणाला. "अजून काही कळत नाहीये."

लाइनमननं आवाज वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची काच थरथरू लागली, तेव्हा मुलगा म्हणाला, "हां, आता बरं."

लाइनमननं सिनेमा थांबवला. बाई उठून मुलाच्या खुर्चीमागे गेल्या आणि कामावर असताना बोलत त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "नंबर सांगा."

सुनेची मान वळली. लाइनमनची वळली. मुलगा थांबलेल्या पडद्याकडे बघत राहिला.

लाइनमननं हत्यारं आवरली. बाई सुनेमागोमाग स्वयंपाकघरात गेल्या.

"वर्ष झालं, आई," सून म्हणाली. "कारखान्यात प्रेस मशीनजवळ उभा असतो दिवसभर. कान दाखव म्हटलं की अंगावर येतो. त्यानं तुमच्या कानांचं काढलं तेव्हा मला वाटलं, कानाच्या डॉक्टरांकडे तुमच्या नावानं नंबर लावला तर सोबत तरी येईल. तिथे त्याचंही नाव मी देऊन ठेवलंय."

"मला सांगायचं नाही का?"

"कशी सांगणार? तुम्ही तर माझ्यापासून रिमोट लपवत होतात."

बाई म्हणाल्या, "कधीचा नंबर आहे?"

"गुरुवारचा."

गुरुवारी तपासणीच्या खोलीत बाई आधी गेल्या. वयाच्या मानानं कान उत्तम निघाले. ज्याला हेडफोन असायचा तो डावा तेवढा किंचित मंद. त्या बाहेर येऊन बाकावर दोघांशेजारी बसल्या. मदतनीस बाईनं दारातून मुलाचं नाव पुकारलं. मुलगा भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होता. दुसऱ्यांदा पुकारल्यावर सुनेनं त्याच्या कोपराकडे हात नेला. बाईंनी तो धरून ठेवला.

तिसऱ्या हाकेला अख्खा बाक त्याच्याकडे बघू लागला. त्यानं एकेकाचा चेहरा पाहिला, मग आईचा.

"माझं नाव घेतलं का?"

"तीनदा," बाई म्हणाल्या.

तो उठला. दारापर्यंत गेला, थांबला आणि बायकोला म्हणाला, "तूही चल. ते काय सांगतील ते ऐकायला कुणीतरी हवं."