कापलेल्या दांड्या

शनिवारची दुपार. जेवणं आटोपली तशी मि-ग्यंगबाईंनी किमचीचा डबा फ्रिजमध्ये ठेवला, टेबल पुसलं, त्यावर नवऱ्याचा लॅपटॉप उघडला आणि सतरा वर्षांच्या लेकीला, दा-ओनला, हाक मारली. नवरा प्यो सांग-गिल दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या एका विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी आदल्या दिवशी एक स्प्रेडशीट घरी आणली होती. पुढच्या महिन्यातल्या शालेय संशोधन स्पर्धेत ती दा-ओनच्या नावाने जायची होती.

काम होतं बांग यु-रिमचं. ही प्यो सरांची संशोधक विद्यार्थिनी, वांदो बेटावर समुद्री शेवाळ वाळवणाऱ्या घरातली, विद्यापीठाची पायरी चढलेली त्या घरातली पहिलीच. नव्या मिश्रधातूची तार तापवली की किती लांबते, हे ती दीड वर्ष मोजत होती. तिच्या प्रबंधाचा कणाच तो.

कुणी म्हणेल, ही तर चोरी. आमच्याकडे तिला चोरी म्हणत नाहीत. यंदा या प्राध्यापकाने त्या प्राध्यापकाच्या मुलाचं नाव आपल्या प्रयोगावर घालायचं, पुढच्या वर्षी त्याने फेड करायची. मुलांना चांगल्या विद्यापीठात जागा मिळते, आणि ज्यांनी हाडं झिजवली त्यांनी मान खाली घालून "हो सर" म्हणायचं. याला आम्ही शेजारधर्म म्हणतो. मी स्वतः प्राध्यापक, मीही कैक वर्षं तसंच म्हणत आलो, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

मि-ग्यंगबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "अगं, प्रत्येक ठिपक्यावर या उभ्या दांड्या कसल्या? आणि उजवीकडे तर केवढ्या लांब!"

"मोजताना किती चूक होऊ शकते, ते दाखवतात आई."

"म्हणजे आपल्या चुका आपणच मिरवायच्या? परीक्षकांना वाटेल, मुलीचं काम कच्चं आहे. छोट्या कर बघू."

दा-ओन घुटमळली. मग तिने ही चूक नोंदवायच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच बारीक आकडा भरला. सगळ्या दांड्या आखडून सारख्या झाल्या. आलेख नीटनेटका दिसायला लागला आणि मायलेकी खूश झाल्या.

ठिपक्यांमधून जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा मात्र तिने तशाच ठेवल्या. एक जास्तीत जास्त चढाची, एक कमीत कमी. दोन्ही सगळ्या दांड्यांना छेदून गेल्या पाहिजेत, खरा चढ त्यांच्या मधे कुठेतरी असतो. यु-रिमने त्या आपल्या लांब दांड्यांच्या मापाने आखल्या होत्या. दांड्या आखडल्यावर त्या रेषा दांड्यांच्या बाहेरून जाऊ लागल्या.

स्पर्धेत एका वयस्कर परीक्षकांनी नेमकं तेच हेरलं. या रेषा दांड्यांबाहेर कशा, त्या काढल्या कुणी, असं त्यांनी शांतपणे विचारलं. संगणकाने काढल्या, असं दा-ओन म्हणाली. परीक्षकांनी तिच्या कागदावरचं 'प्यो' हे आडनाव पाहिलं, शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला रौप्यपदक मिळालं. घरी येताना बाबांनी तिची पाठ थोपटली, तेव्हा तिला कुठेतरी लपून बसावंसं वाटलं.

दोन महिन्यांनी यु-रिमचा प्रबंध समितीपुढे गेला. हाच आलेख स्पर्धेच्या पुस्तिकेत एका शाळकरी मुलीच्या नावाने आधीच छापलेला आहे, असं कुणीतरी दाखवलं. समितीने मुख्य प्रकरण काढून टाकायला सांगितलं. प्यो सर तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला.

आईने दिलेली नाशपातीची पेटी पोचवायला दा-ओन बाबांच्या प्रयोगशाळेत गेली, तेव्हा यु-रिम आपला खण रिकामा करत होती. सगळं तिच्याकडूनच कळलं.

"ताई, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"कुणाला सांगू? समितीचे अध्यक्ष तुझे बाबाच आहेत." यु-रिमने वह्या पिशवीत भरल्या. "निदान दांड्या तरी कापायच्या नव्हत्यास गं. एकेका तापमानाला तीस-तीस वेळा मोजलं होतं मी. भट्टी जास्त तापली की तार थरथरायची, म्हणून तिथल्या दांड्या लांब होत्या. माझ्या सगळ्या कामात तेवढं एक मला पक्कं ठाऊक होतं."

दा-ओनला तोंड वर करवेना. ती पेटी तशीच हातात घेऊन परत आली.

घरी तिने शाळेला पत्र लिहिलं. हे काम माझं नाही, बांग यु-रिम यांचं आहे, पदक परत घ्यावं आणि विद्यापीठाला तसं कळवावं. मि-ग्यंगबाई रडकुंडीला आल्या. तुझं वर्ष जाईल, बाबांची खुर्ची जाईल, असं परोपरीने सांगून पाहिलं. प्यो सरांनी पत्र दोनदा वाचलं.

"माझं नाव तेवढं घालू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग स्प्रेडशीट मला दिली कुणी, बाबा? काय लिहू?"

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. दा-ओनने पत्र होतं तसंच पाकिटात घातलं.

शाळेत वर्गशिक्षक ह्वांगबो सरांनी दार लावून घेतलं. पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"तू नाव मागे घेतलंस की चौकशी येईल. मग अशीच नावं घातलेल्या बाकीच्या मुलांचं काय होईल, याचा विचार केलास?"

"बाकीची म्हणजे किती, सर?"

ह्वांगबो सरांना आकडा माहीत होता. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. दा-ओनने पालथं पत्र सरळ करून त्यांच्यापुढे सरकवलं आणि ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली.