मटाराच्या पानावरचा पूर्णविराम

रविवारी सकाळी बालीगंजच्या कर्णिकांच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. ओळखीची सारी मराठी मंडळी आणि कुंपणापलीकडचे बंगाली शेजारी मटाराच्या सहा वेलांपुढे हात जोडून उभे होते. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटल्या होत्या, आणि त्या वाढत होत्या. गुरुवारी पर्णानंद महाराजांनी एका रेघेच्या टोकाला कुंकू लावलं होतं. आज रेघ दोन बोटं पुढे गेली होती.

"लेखणी नाही, शाई नाही!" महाराज म्हणाले. "नागदेवता स्वतः लिहिते आहे. संदेश संपला, की काळा पूर्णविराम देते. हा पाहा!"

लोकांनी पाहिला. एका गृहस्थांना तर ऱ्हस्वदीर्घही दिसलं.

घरची सून श्यामला मागे उभी होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सासरे दिगंबरपंत यांचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन गेल्या सोमवारी ठरलं होतं, पण महाराजांनी पानावर 'शस्त्र नको' असं वाचलं आणि सासूबाईंनी, प्रेमलताबाईंनी, ते रद्द करवलं. डॉक्टरांनी उद्याची तारीख दिली होती. याहून उशीर झाला तर हाही डोळा जाईल, असं बजावलं होतं.

"महाराज, उद्याचं काय?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

महाराजांनी पान न्याहाळलं. "थांबा, म्हणते."

"कुठल्या लिपीत?" श्यामला पुढे झाली.

"नागलिपीत. ती शाळेत शिकवत नाहीत."

"शिकवतात. सातवीला." तिने ते पान खुडलं. गर्दीतून हाय् असा आवाज आला. तिने पान उन्हाकडे धरलं. "आई, रेघेच्या टोकाला बघा."

प्रेमलताबाईंनी चष्मा सावरला. आत काहीतरी वळवळलं. श्यामलाने साडीच्या पिनेने पापुद्रा उचकटला आणि पांढुरकी अळी नखावर घेतली.

"ही पानाच्या आत राहून गर खात पुढे सरकते. रेघ म्हणजे तिने पोखरलेली वाट."

"देवतेचं सूक्ष्म रूप!" महाराजांनी तात्काळ हात जोडले. दोघातिघांनी अळीलाही नमस्कार केला.

श्यामलाने घरातून काचेची बरणी आणली. तोंडाला मलमल बांधलेली होती. "पूर्णविराम झालेली पानं मी दहा दिवसांपूर्वी हिच्यात ठेवली. पूर्णविराम म्हणजे अळीचा कोष. आणि हे लेखक."

आत चार बारीक करड्या माश्या फिरत होत्या.

"आता या अळी काढलेल्या पानावरची रेघ उद्यापर्यंत वाढवून दाखवा, महाराज."

महाराजांना अचानक बराकपूरला वाट पाहत असलेले भक्त आठवले. फाटकाबाहेर पडेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

वेताच्या खुर्चीतून दिगंबरपंतांनी विचारलं, "प्रेमा, माश्या दिसल्या का तुला?"

"दिसल्या."

"मला बरणीच दिसत नाहीये गं."

प्रेमलताबाई सुनेकडे वळल्या. "श्यामला, उद्या किती वाजता निघायचं?"

ऑपरेशन झालं. गेलेली नजर परत आली नाही, उरलेली वाचली. प्रेमलताबाईंनी रेघा पडलेली पानं स्वतः खुडून जाळली. अळी पानाच्या आत असते, तिच्यापर्यंत तंबाखूच्या पाण्याची फवारणी पोचत नाही, हे आता त्या शेजारणींना समजावून सांगत.

महिन्याभराने एक शेजारीण विचारायला आली, बराकपूरला महाराज आलेत, गुडघ्यासाठी जाऊ का?

"आधी डॉक्टरांकडे जा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो हातात घेऊन बघ. मी पंधरा दिवस नुसते हात जोडून बसले होते."